कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना

गृहकर्जाचे ४० लाख रुपये फेडायचे उरले आहेत, मुदत अजून १५ वर्षांची आहे आणि व्याजदर पावणेनऊ टक्के आहे, असे धरू. महिन्याचा हप्ता होतो ३९,९७८ रुपये. दुसरी एक बँक हेच कर्ज पावणेआठ टक्क्यांनी आपल्याकडे घ्यायला तयार आहे. तिचा प्रतिनिधी घरी येतो आणि नवा हप्ता लिहून दाखवतो: ३२,८३८ रुपये. म्हणजे दरमहा ७,१४० रुपये हातात राहणार. मुलांच्या शाळेची फी आणि आईवडिलांची औषधे यांचा मेळ घालणाऱ्या घराला याहून चांगली बातमी कोणती? पण त्याच कागदावर, हप्त्याच्या शेजारच्या रकान्यात, मुदत १५ ऐवजी २० वर्षे लिहिलेली असते.

जुन्या बँकेतच राहिले तर १५ वर्षांत मिळून सुमारे ७१ लाख ९६ हजार रुपये भरले जातील. नव्या बँकेत २० वर्षांत ७८ लाख ८१ हजार भरावे लागतील. व्याजदर पूर्ण एक टक्का खाली आला आणि तरीही घरातून ६ लाख ८५ हजार रुपये जास्त गेले.

आता तेच कर्ज त्याच पावणेआठ टक्क्यांनी, पण उरलेल्या १५ वर्षांसाठीच घेऊन पाहू. हप्ता ३७,६५१ रुपये होतो. महिन्याला २,३२७ रुपये वाचतात आणि पूर्ण मुदतीत ४ लाख १९ हजार. याहूनही एक चांगली वाट आहे. दर कमी झाला तरी हप्ता जुनाच, ३९,९७८ रुपये, चालू ठेवायचा. मग कर्ज १८० ऐवजी सुमारे १६१ महिन्यांत फिटते आणि बचत ७ लाख ४० हजारांच्या पुढे जाते. दर तोच, बँक तीच, माणूसही तोच. बदलली ती फक्त मुदत, आणि तेवढ्याने जवळपास सात लाखांच्या तोट्यापासून सात लाखांहून अधिक फायद्यापर्यंतचे अंतर पडते. शुल्क, मुद्रांक, कागदपत्रे यांविषयी या प्रकरणात पुढे बरेच सांगायचे आहे. पण मुदतीच्या त्या रकान्याइतके वजन त्यातल्या कशालाच नाही.

हप्ता कमी करणे ही काही घरांची खरी निकड असते, हेही मान्य केले पाहिजे. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, दोन पगारांचा एकच राहिला, तर मुदत वाढवून श्वास घेण्याइतकी जागा करून घेणे योग्यच आहे. त्याची किंमत किती, हे सही करण्यापूर्वी माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एकाच गावातल्या, एकाच पगाराच्या दोन माणसांना वेगवेगळे दर का पडतात? याचे उत्तर बहुतेक वेळा कर्ज कोणत्या साली घेतले यात सापडते. भारतातल्या बँकांनी व्याजदर ठरवण्याची पद्धत गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली. २००३ पासून ‘बीपीएलआर’ होता. १ जुलै २०१० पासून ‘बेस रेट’ आला. १ एप्रिल २०१६ पासून ‘एमसीएलआर’. या तिन्ही पद्धतींत मूळ दर बँक स्वतःच्या हिशेबाने ठरवत असे. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, वाढवला की कर्जे लगेच महागत. तो उतरला की सवलत ग्राहकाच्या दारी येईपर्यंत महिनेच्या महिने लागत. रिझर्व्ह बँकेच्या डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१७ मध्ये हे दोष दाखवून दिले आणि दर बँकेच्या हाताबाहेरच्या एखाद्या निकषाला बांधावेत अशी शिफारस केली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी, बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निकषाला जोडणे सक्तीचे झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. अशा कर्जांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो.

मात्र जुन्या पद्धतीतली कर्जे आपोआप नव्या पद्धतीत आली नाहीत. ज्यांनी अर्ज केला ते आले. ज्यांना कोणी सांगितलेच नाही, ते एमसीएलआरवर किंवा त्याहून जुन्या दरावर हप्ते भरत राहिले. गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँका यांना तर बाह्य निकषाचे हे बंधन लागूच झाले नाही. गृहवित्त कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या ‘प्राइम लेंडिंग रेट’वर चालतो. तो किती आणि केव्हा बदलायचा हे कंपनीच ठरवते.

रेपोशी जोडलेले कर्ज असले म्हणजे निश्चिंत राहावे, असेही नाही. रेपोवर बँक जो टक्का चढवते, त्याला स्प्रेड म्हणतात. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. त्या वेळी कोणाचा दर पावणेआठ असेल तर त्याचा स्प्रेड अडीच टक्के झाला, आणि कोणाचा पावणेनऊ असेल तर साडेतीन. रेपो दोघांना एकच आहे. जुन्या ग्राहकाला जो स्प्रेड कर्ज घेताना लागला, तोच पुढे चालत राहतो. नवा ग्राहक मिळवण्यासाठी मात्र त्याच बँका स्प्रेड कमी करतात. म्हणून आपल्या मंजुरीपत्रातला स्प्रेड शोधून काढणे हे पहिले काम. व्याजदर किती, हे सगळ्यांना ठाऊक असते. स्प्रेड विचारला की अनेकांना पत्र शोधावे लागते.

दर कमी देणारी बँक सापडली, तरी जुन्या बँकेतून बाहेर पडण्याचा दंड आता पूर्वीसारखा नाही. कर्ज मुदतीआधी फेडले की शिल्लक रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत शुल्क आकारले जाई, असा काळ फार जुना नाही. ४० लाखांवर दोन टक्के म्हणजे ८० हजार. एवढी रक्कम फक्त दार उघडायला द्यायची म्हटल्यावर माणूस आहे तिथेच बसून राही. बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करणाऱ्या एम. दामोदरन समितीने हे शुल्क म्हणजे ग्राहकाला स्वस्त कर्जाकडे जाऊ न देणारी आडकाठी आहे असे मत नोंदवले. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावरचे मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क बंद केले. गृहवित्त कंपन्यांचे नियमन त्या वेळी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे होते. तिनेही असाच निर्णय घेतला होता. २०१४ मध्ये बँकांच्या बाबतीत ही सवलत व्यक्तींच्या बदलत्या दराच्या सर्व मुदत कर्जांना मिळाली. जुलै २०२५ च्या निर्देशांनी १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी हा नियम आणखी स्पष्ट केला: पैसे कुठूनही आणलेले असोत, कर्ज घेऊन कितीही महिने झाले असोत, बदलत्या दराच्या गृहकर्जावर हे शुल्क नाही.

माझ्या मते सामान्य कर्जदाराला गेल्या पंधरा वर्षांत मिळालेला हा सर्वांत मोठा हक्क आहे. तो वापरणारे मात्र थोडे आहेत.

स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. तेथे कर्ज दुसरीकडे नेताना शुल्क लागू शकते, म्हणून करारनाम्यातले ते कलम आधी वाचावे. पहिली दोन-तीन वर्षे दर स्थिर आणि पुढे बदलता, अशी मिश्र कर्जेही असतात. अशा वेळी आपण आज कोणत्या टप्प्यात आहोत ते पाहावे. चार महिन्यांनी बदलता दर सुरू होणार असेल, तर ते चार महिने थांबणे शहाणपणाचे.

नव्या बँकेकडे जाण्यापूर्वी जुन्या बँकेच्या शाखेत जाऊन यावे. हा सल्ला साधा वाटतो, पण बहुतेकांचे पैसे इथेच वाचतात. आपल्याच बँकेत दर कमी करून घेण्याला कन्व्हर्जन किंवा स्विच म्हणतात. त्याचे शुल्क कुठे शिल्लक रकमेच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, तर कुठे काही हजार रुपये ठरावीक, आणि वर जीएसटी. ४० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे २० हजार, म्हणजे हीही रक्कम लहान नाही. ती घासाघीस करून कमी होऊ शकते. मात्र या मार्गाने नवे गहाण, नवा मुद्रांक, वकिलाची तपासणी, कागदांची ने-आण यातले काहीच करावे लागत नाही. अर्ज लेखी द्यावा आणि त्यात सरळ लिहावे की आज नव्या ग्राहकाला आपण जो दर देता, तो मला द्या. तोंडी विचारणा काउंटरवरच विरून जाते. अर्जाचा उपयोग झाला नाही, तर कर्ज पूर्ण फेडण्यासाठीच्या रकमेचे पत्र, म्हणजे फोरक्लोजर लेटर, मागावे. चांगला ग्राहक जातो आहे हे दिसल्यावर बँकेतून फोन येतो आणि काल न मिळालेला दर आज मिळतो, असा अनुभव अनेकांना येतो.

ऑगस्ट २०२३ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाचाही इथे उपयोग आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्या वेळी अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, आणि कित्येकांचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. त्यानंतर बँकांना बजावण्यात आले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ग्राहकाला विचारा. स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही द्या. आपली मुदत गुपचूप वाढलेली आहे का, हे कर्जाच्या खातेउताऱ्यावरून आजच तपासता येते. ती वाढली असेल, तर ‘उरलेली १५ वर्षे’ हा आकडाच मुळात चुकीचा असण्याची शक्यता आहे.

एवढे करूनही जुनी बँक हलली नाही, तर खर्चाचा हिशेब मांडायला बसावे. ४० लाखांच्या कर्जासाठी महाराष्ट्रात साधारण काय लागेल ते पाहू. प्रक्रिया शुल्क कर्जाच्या पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत असते. ०.३५ टक्के धरले तर १४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२० रुपये. सणासुदीच्या दिवसांत किंवा मार्चअखेरीला बँका हे शुल्क माफ करतात किंवा त्याला कमाल मर्यादा घालतात, म्हणून ते जसेच्या तसे मान्य करू नये. यातला काही भाग अर्ज दाखल करतानाच घेतला जातो आणि कर्ज नामंजूर झाले तरी तो परत मिळत नाही. पात्रतेबद्दल शंका असेल, तर आधी ती तोंडी मिटवून घ्यावी आणि मग धनादेश द्यावा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालमत्तेचा शोध अहवाल देतो, मूल्यमापक घर पाहून किंमत काढतो. दोघांचे मिळून पाच हजारांच्या आसपास धरू. केंद्रीय नोंदणी म्हणजे ‘सरसाई’कडे गहाणाची नोंद करावी लागते. तिचे शुल्क पाच लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये आणि जीएसटी, इतके किरकोळ आहे.

मोठी रक्कम जाते ती मुद्रांक शुल्काकडे. हे शुल्क का लागते, ते समजण्यासाठी गृहकर्जातले गहाण कसे होते हे पाहावे लागते. आपल्याकडे बहुतेक घरे नोंदणीकृत गहाणखताने गहाण पडत नाहीत. कर्जदार घराचे मूळ कागद बँकेच्या अधिकाऱ्याच्या हाती ठेवतो आणि त्या ठेवण्यानेच गहाण पूर्ण होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये ही सोय आहे. ती मुळात कोलकाता, मद्रास आणि मुंबई या व्यापारी शहरांसाठी होती, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या इतर शहरांना पुढे मिळत गेली. घर कुठेही असो, कागद सुपूर्द होतात ते गाव या यादीत असावे लागते. व्यापाऱ्याला तातडीने पैसा उभा करता यावा म्हणून आलेल्या या पद्धतीवर आज लाखो सदनिकांची कर्जे उभी आहेत.

कागद ठेवून झालेल्या गहाणाचा लेखी पुरावा करताना राज्य सरकारला मुद्रांक शुल्क द्यावे लागते आणि ते कर्जाच्या रकमेवर मोजले जाते. बँक बदलली की नवे गहाण होते, त्यामुळे शुल्क पुन्हा भरावे लागते. पहिल्या कर्जाच्या वेळी भरलेले यात वळते होत नाही. महाराष्ट्रात ५० लाखांच्या कर्जावर ही रक्कम दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. दर सरकार बदलत असते, म्हणून त्या दिवशीचा आकडा नोंदणी व मुद्रांक विभागाकडून पाहून घ्यावा. आपल्या ४० लाखांसाठी ०.३ टक्के म्हणजे १२ हजार धरू.

त्याच्या जोडीला आणखी एक काम असते. कागद ठेवून केलेले गहाण बाहेर कोणाला दिसत नाही, याचा फायदा घेऊन एकच सदनिका दोन-तीन बँकांकडे गहाण टाकण्याचे प्रकार झाले. म्हणून महाराष्ट्राने नोंदणी कायद्यात कलम ८९-ब घातले. २०१३ पासून अशा प्रत्येक गहाणाची सूचना, जिला सगळे नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. ती ऑनलाइनही करता येते. ही जबाबदारी कर्जदाराची आहे आणि ती टाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. त्यासाठी शुल्क आणि दस्त हाताळणीचा खर्च मिळून हजार-दीड हजार रुपये लागतात. एजंट मध्ये असेल तर त्याची मजुरी वेगळी, आणि ती आधी ठरवून घ्यावी.

असा सगळा खर्च आपल्या उदाहरणात सुमारे ३५ हजारांवर येतो. एक टक्का दर कमी झाल्याने पहिल्या वर्षी व्याजात ३९ हजारांच्या आसपास वाचतात. म्हणजे वर्षाच्या आत खर्च भरून निघाला. दरातला फरक पाव टक्काच असेल, तर वर्षाला जेमतेम दहा हजार वाचतील आणि खर्च निघायला साडेतीन वर्षे लागतील. तोपर्यंत रेपो कुठे असेल, नवी बँक आपला स्प्रेड कसा ठेवेल, कोण सांगणार? पाव टक्क्यासाठी मी कोणालाही बँक बदलायला सांगणार नाही.

कर्ज संपत आले असेल तरी हिशेब असाच उलटतो. आठ लाख शिल्लक आहेत, चार वर्षे उरली आहेत, दरातला फरक तोच एक टक्का. हप्त्यात महिन्याला ३७६ रुपयांचा फरक पडतो, चार वर्षांत १८ हजारांचा. खर्चात यातले अर्ध्याहून अधिक गेले तर उरले काय? सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो: ४० लाखांच्या पहिल्या ३९,९७८ रुपयांच्या हप्त्यात २९,१६७ रुपये व्याजच आहे. शेवटी शेवटी मुद्दल जास्त जाते आणि दर कमी होऊन वाचण्यासारखे थोडेच उरते. अशा वेळी हातात बोनस किंवा मोडलेली ठेव असेल, तर ती कर्जात भरणे जास्त फायद्याचे.

या हिशेबात न दिसणारा एक खर्च असतो आणि तो सगळ्यांत मोठा ठरू शकतो. नवे कर्ज मंजूर होताना त्यासोबत आयुर्विम्याची एक पॉलिसी पुढे केली जाते. तिचा हप्ता एकरकमी असतो, दीड-दोन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, आणि तो कर्जातच मिळवला जातो. मग त्या रकमेवरही १५ वर्षे व्याज भरायचे. कर्जासाठी असा विमा कोणत्याही कायद्याने सक्तीचा नाही. कर्जाइतके विमाछत्र घरात असलेच पाहिजे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घ्यावा, तो स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी आपल्यासोबत राहतो. जुन्या कर्जासोबत असा एकरकमी विमा घेतला असेल, तर कर्ज बंद करताना त्याची उरलेल्या काळाची रक्कम परत मिळते का, हे विमा कंपनीला विचारावे. बरेच जण ती मागतच नाहीत.

टॉप-अप कर्जाचेही तेच. ‘एवीतेवी कागद होतातच आहेत, पाच लाख जास्त घ्या’ हा आग्रह ठरलेला असतो. घराच्या दुरुस्तीसाठी किंवा जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज फेडण्यासाठी ते घेतले तर उपयोगी आहे. गाडीसाठी किंवा लग्नासाठी घेतले, तर त्या खर्चाचे व्याज पंधरा वर्षे चालते आणि राहते घर त्याला तारण राहते.

हे सगळे आकडे एका जागी पाहण्याची सोय आता आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्के धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. त्यात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दराने न करता या एपीआरने करावी, मात्र दोन्हीकडे मुदत सारखी धरून.

प्रत्यक्ष कर्ज हलते तेव्हा काळजीचे काही आठवडे येतात. नवी बँक जुन्या बँकेच्या नावाने, कर्जखात्याचा क्रमांक घालून धनादेश काढते. तो वटला की जुने कर्ज बंद होते, पण कागद अजून जुन्या बँकेच्या तिजोरीत असतात, आणि ती तिजोरी बहुधा शाखेत नसते. या काळात नव्या बँकेने पैसे दिलेले असतात आणि तिच्या हातात तारण काहीच नसते. म्हणून ती जुन्या बँकेकडून कागदांची यादी आधीच मागते. ही यादी आपणही नीट तपासावी: नोंदणीकृत करारनामा, त्याची मूळ पावती, सूची क्रमांक दोन, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट. एखादा कागद यादीत नसेल, तर पैसे जाण्याआधी शोध घ्यावा. नंतर जुन्या बँकेला आपल्यात रस उरलेला नसतो.

फोरक्लोजर पत्रातली रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतचीच असते आणि पुढे रोजचे व्याज चढते. आपल्या उदाहरणात ते दिवसाला साडेनऊशे रुपयांच्या पुढे आहे. धनादेश आठवडाभर उशिरा पोहोचला तर कमी पडलेली रक्कम खिशातून भरावी लागते. दुसऱ्या बाजूने, नव्या बँकेने धनादेशावर जी तारीख घातली तेव्हापासूनच व्याज धरले तर त्याच दिवसांचे व्याज दोन्हीकडे जाते. धनादेश हातात पडण्याआधीपासून व्याज लावण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळली होती. एप्रिल २०२४ मध्ये तिने ती अनुचित ठरवली, जादा घेतलेले व्याज परत करण्यास सांगितले आणि शक्य तिथे पैसे ऑनलाइन पाठवण्याचा मार्ग सुचवला. म्हणून नव्या बँकेकडे थेट ऑनलाइन भरणा मागावा. जुन्या बँकेचा त्या महिन्याचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची शक्यताही असते. तसे झाले तर परतावा लेखी मागावा.

कागद परत मिळण्याच्या बाबतीत १ डिसेंबर २०२३ पासून कर्जदाराच्या हाती चांगले शस्त्र आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत केले पाहिजेत आणि बोज्याची नोंद काढली पाहिजे. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले तर प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि खर्च सोसणे ही बँकेची जबाबदारी. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. कर्ज बंद झाल्याच्या पत्रावरची तारीख जपून ठेवावी, दिवस तिथून मोजले जातात. कागद घ्यायला सगळ्या सहकर्जदारांना बोलावले जाते. मुलगा पुण्यात आणि वडील कोल्हापुरात असतील, किंवा कोणी परदेशात असेल, तर अधिकारपत्राचे काय करायचे हे आधीच विचारून ठेवावे.

काही घरांना कर्ज दुसरीकडे नेण्याची ही वाटच बंद असते. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात, पुण्याच्या वाढीव हद्दीत, भोगवटा प्रमाणपत्र न मिळालेल्या इमारतींत हजारो कुटुंबे राहतात. गुंठेवारीच्या भूखंडांवर घरे आहेत. अशा घरांची कर्जे सहसा जास्त दराने वित्तकंपन्यांनी दिलेली असतात, आणि स्वस्त दराच्या बँका ती घ्यायला तयार होत नाहीत. पगार चांगला, हप्ते वेळेवर, तरीही दर चढा, असे या घरांचे होते; कारण बिल्डरने अर्धवट सोडलेल्या कागदांचे व्याज तेच भरत असतात. सोसायटीने एकत्र येऊन भोगवटा प्रमाणपत्राचा पाठपुरावा केला, तर प्रत्येक सदस्याच्या कर्जाचा दर उतरण्याची वाट मोकळी होते. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा क्वचित मांडला जातो, तो मांडला पाहिजे. सिडको किंवा म्हाडाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या घरांना गहाणासाठी त्या संस्थेचा नाहरकत दाखला नव्याने लागू शकतो. त्याचा वेळ आणि शुल्क वेळापत्रकात धरावे.

प्राप्तिकराची चिंता मात्र नको. जुने गृहकर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाचे व्याजही वजावटीला पात्र धरले जाते. राहत्या घरासाठी ही वजावट, वर्षाला दोन लाखांपर्यंत, जुन्या करप्रणालीतच मिळते. टॉप-अपच्या व्याजाला ती सरसकट लागू होत नाही, त्यासाठी पैसा कशावर खर्च झाला ते दाखवावे लागते. कर्ज हलवले त्या वर्षी दोन्ही बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे घ्यावीत.

कर्ज हलल्यावर दोन-तीन महिन्यांनी काही नोंदी पाहाव्यात. सरसाईकडे जुन्या बँकेचे गहाण संपल्याची नोंद झाली आहे का? सोसायटीच्या दप्तरात जुन्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे आले आहे का? बंगला किंवा रो-हाउस असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मालमत्ता पत्रकावर जुना बोजा अजून दिसतो का? तो दिसत असेल तर जुन्या बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि घर विकायच्या आदल्या महिन्यात ही धावपळ करण्यापेक्षा ती आत्ताच केलेली बरी. सिबिलच्या अहवालात जुने कर्ज ‘बंद’ दिसले पाहिजे. तसे नसेल तर ४० लाखांची दोन कर्जे आपल्या नावावर दिसतात आणि पुढच्या कोणत्याही कर्जाला अडचण येते. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा हक्क कर्जदाराला आहे.